सुभेदार रामजीबाबा : वाचणाऱ्या घराचा पाया



परमपूज्य बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पदव्या आपल्या वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही तोंडपाठ असतात. एम. ए., पीएच. डी., डी. एस्सी., बॅरिस्टर. दर 14 एप्रिलला त्या फलकावर रंगवल्या जातात, व्यासपीठावरून त्यांचा गजर होतो. बाबासाहेब कोलंबियाला गेले, लंडनला गेले, तासन्‌तास ग्रंथालयात बसले, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते सांगितलेच पाहिजे. पण कोलंबियाच्या आधी मुंबईचे एल्फिन्स्टन होते, त्याच्या आधी साताऱ्याची शाळा होती आणि शाळेच्याही आधी एक घर होते. त्या घरात पोराच्या हातात पुस्तक कोणी दिले, हे फारसे कोणी सांगत नाही. ज्यांनी दिले ते सुभेदार रामजी मालोजी सकपाळ. जयंतीच्या भाषणात त्यांच्या वाट्याला एक वाक्य येते, बाबासाहेबांचे वडील लष्करात सुभेदार होते, एवढेच. म्हणून विहाराच्या वर्धापन दिनाच्या या स्मरणिकेत त्यांचे चरित्र थोडक्यात मांडावे असे आम्ही ठरविले.

याला कारणही तसेच घडले. विहारात संध्याकाळी अभ्यासवर्ग चालतो. तिथे आम्ही पोरांना वाचायला बसवतो. एक पोरगं धडा घडाघडा वाचतं आणि पुढं काय होणार ते आधीच सांगतं. त्याच्या शेजारचं, त्याच वर्गातलं, त्याच बाकावरचं पोरगं अक्षराखाली बोट ठेवून घामाघूम होतं, आणि ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत ओळीची सुरुवात विसरून जातं. शाळा तीच, बाई त्याच, पुस्तकही तेच. फरक पडतो तो शाळेत जाण्याच्या आधी. पहिलं पोरगं शाळेत जायच्या आधीच गोष्टीत वाढलेलं असतं. दुसऱ्याला छापलेल्या कागदाची ओळखच शाळेत झालेली असते. मग लोक लगेच निकाल देऊन मोकळे होतात. आईबापच अडाणी, पोराचं काय होणार! हा निकाल आम्हाला मान्य नाही. का मान्य नाही, ते रामजीबाबांच्या आयुष्यातच सापडते.

रामजीबाबांचे मूळ गाव आंबवडे, तालुका मंडणगड. त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातले हे लहानसे खेडे. वडील मालोजी हे इंग्रजांच्या लष्करात शिपाईगिरी करून आलेले. ते रामानंदी पंथाचे. रामजीबाबा पुढे कबीरपंथी झाले. मालोजींची मुले जगली ती दोनच, एक रामजी आणि दुसरी मीराबाई. मीराबाई पाठीने अधू होत्या, त्यांचे आयुष्य भावाच्या घरात गेले. आई गेल्यावर लहान भीमाला अंगाखांद्यावर वाढवले ते याच आत्याने. रामजीबाबांचे लग्न मुरबाडच्या मुरबाडकर घराण्यातील भीमाबाई यांच्याशी झाले. मुरबाडकरही लष्करातले, भीमाबाईंचे वडील सुभेदार मेजर होते. म्हणजे दोन्हीकडची घरे लष्करी.

आता लष्करी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बंदूक येते, भीमा कोरेगाव येते, 1 जानेवारी 1818 येते. ते खरेच आहे. पण लष्कराने आमच्या पूर्वजांच्या हातात बंदुकीबरोबर आणखी एक वस्तू दिली, ती म्हणजे पाटी. कंपनी सरकारच्या फौजेत देशी शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे होते. मुलांसाठी शाळा, मुलींसाठी शाळा आणि मोठ्या शिपायांसाठी रात्रीची शाळा. गावात ज्याची सावली चालत नव्हती, त्याच माणसाला पलटणीत अक्षर शिकल्यावाचून सुटका नव्हती. स्वतः बाबासाहेबांनी या सक्तीच्या शिक्षणाचे महत्त्व आपल्या लेखनात मांडून ठेवले आहे. लष्करी घरांतल्या बायकासुद्धा पोथी वाचू शकत होत्या. ज्या काळात वरच्या म्हणवणाऱ्या जातींतही बाई शिकली तर नवरा मरतो असे मानत, त्या काळातली ही गोष्ट आहे.

रामजीबाबा या व्यवस्थेतून शिकले, एवढेच नव्हे तर शिकवणारे झाले. लष्करी शाळांसाठी शिक्षक तयार करणारी शाळा पुण्यास होती, तिला नॉर्मल स्कूल म्हणत. तिथे त्यांनी शिक्षण घेतले. पुढे ते लष्करी शाळेत शिक्षक आणि मग मुख्याध्यापक झाले. मुख्याध्यापक म्हणून त्यांनी 14 वर्षे काम केले. मराठी भाषेवर त्यांचे प्रभुत्व होते, इंग्रजी चांगले होते, गणितात हात धरणारा कमी. दारूला स्पर्श नाही. महात्मा जोतीराव फुले यांच्याविषयी त्यांच्या मनात फार आदर. मध्य हिंदुस्थानात महू येथे पलटणीच्या शाळेवर असताना 14 एप्रिल 1891 रोजी त्यांना चौदावे अपत्य झाले. त्याचे नाव भीम. चौदांपैकी बरीच बालके दगावली. मागे राहिले ते बाळाराम, आनंदराव आणि भीमराव हे तीन मुलगे, आणि मंजुळा व तुळसा या दोन मुली.

भीमराव जेमतेम चालायला लागला असेल, तेवढ्यात सरकारने एक फास आवळला. 1892 च्या सुमारास महारांची लष्करातील भरती बंद करण्यात आली. ज्या महारांच्या बळावर लढाया जिंकल्या त्यांनाच लढाऊ जात नव्हे असे ठरवले गेले. रामजीबाबा गप्प बसले नाहीत. या बंदीविरुद्ध सरकारकडे निवेदन करण्याच्या कामी त्यांनी न्यायमूर्ती रानडे यांची मदत घेतल्याचे चरित्रकारांनी नोंदवले आहे. गोपाळबाबा वलंगकरांनीही याच काळात अर्ज केला. दाद लागली नाही. आपण या बंदीकडे नोकऱ्या गेल्या म्हणून पाहतो. पण नोकरीबरोबर शाळाही गेली. पलटणीतली सक्तीची पाटी पुढच्या पिढीच्या हातातून काढून घेतली गेली. ज्याचा बाप शिकलेला अशी पोरं आमच्या समाजात थोडी थोडी निर्माण व्हायला लागली होती, तो झरा तिथेच बुजवला. हे नुकसान किती घरांचे झाले याचा हिशेब कोणी केला नाही.

लष्करातून निवृत्त झाल्यावर रामजीबाबा कुटुंबासह कोकणात दापोलीला आले. तिथे निवृत्त लष्करी लोकांची वस्ती होती. पण घर पेन्शनवर चालेना, म्हणून त्यांनी सातारा येथे सरकारी बांधकाम खात्यात नोकरी धरली. सातारला आल्यावर थोड्याच काळात, 1896 साली, भीमाबाई गेल्या. भीमराव तेव्हा पाच वर्षांचे होते. आई नाही, पैसा नाही, गावात न्हावी केस कापत नाही, म्हणून पोरांचे केस घरातच बहीण कापायची. असे हे घर. आजच्या भाषेत सांगायचे तर सर्व बाजूंनी मागासलेले. सर्वेक्षण करणारा कोणी आला असता तर त्याने या घराच्या नावापुढे सगळी खुणेची खानी भरली असती आणि या घरातले पोरगं शिकणार नाही असा अंदाज बांधला असता.

आणि तो साफ चुकला असता. कारण त्या खान्यांत एक खाना नसतो, तो म्हणजे रात्रीचे आठ.

रामजीबाबांच्या घरात रात्री आठ वाजता सर्वांनी एकत्र बसायचे असा दंडक होता. लेकी कबीराची पदे, संतांचे अभंग म्हणायच्या. त्या वेळी घरात जी गंभीर शांतता पसरायची तिची आठवण बाबासाहेबांनी पुढे मोठेपणी सांगितली आहे. झोपण्यापूर्वी भीमराव आणि थोरला भाऊ यांनी रामायण, महाभारतातला काही भाग रोज वाचलाच पाहिजे, याला सुटी नाही. आणि तो मनातल्या मनात वाचायचा नाही. घरी कथा ऐकायला शेजारपाजारची माणसे यायची, बहिणी बसायच्या, त्या सगळ्यांसमोर पोरांनी पांडवप्रताप मोठ्याने वाचायचा. असे कित्येक वर्षे चालले होते.

यात एवढे काय आहे, असे कोणी म्हणेल. वाचक मित्रहो, यातच सगळे आहे. जरा बारकाईने बघू या. घरात आपण जी भाषा बोलतो ती वेगळी आणि पुस्तकातली भाषा वेगळी. ये, जा, बस, जेव, गप बस, एवढ्यावर घरातला दिवस निघतो. ज्या पोराने पुस्तकातली लांब वाक्ये कधी कानाने ऐकलीच नाहीत, त्याला शाळेत गेल्यावर अक्षरही नवे आणि शब्दही नवा. त्याने जोर लावून अक्षर जुळवले तरी त्या शब्दाला त्याच्या मनात घर नसते. उलट ज्याने रोज ऐकले आहे, त्याला शब्द आधी भेटलेला असतो, फक्त त्याचा चेहरा पाहायचा बाकी असतो. दुसरे, पोथी ओवीत असते. ओवीला यमक असते, ठेका असतो. ते ऐकता ऐकता पोराचा कान शब्दाचे तुकडे करायला शिकतो. कोणता आवाज कुठे संपला आणि कुठे पुन्हा आला हे त्याला न शिकवता कळते. वाचणे म्हणजे अखेर काय, तर कानातला आवाज आणि कागदावरची खूण यांची गाठ घालणे. तिसरे, घरातला बाप स्वतः वाचतो, हे पोर बघते. पोर सांगितलेले करत नाही, बघितलेले करते. आणि चौथे, सगळ्यांत मोठे, त्या घरात पोराच्या वाचण्याला ऐकणारे होते. मोठी माणसे आपल्या तोंडाकडे कान लावून बसली आहेत, हे पाहून सात-आठ वर्षांच्या पोराची छाती किती फुगत असेल! लहान मुलांच्या शिक्षणाचा अभ्यास करणारे विद्वान आज हेच सांगतात. मूल वाचायला तयार होते ते शाळेत पाऊल टाकण्याच्या आधी, बोलण्यातून, गाण्यातून, गोष्टीतून. घरात पैसा किती यापेक्षा घरात वाचून दाखवणारे, बोलणारे कोणी आहे का, याला त्यात फार वजन असते. रामजीबाबांनी अशा संशोधनाचा एक कागदही वाचला नव्हता. ते हाडाचे मास्तर होते.

रामायण-महाभारताचे नाव घेतले की आपल्यातल्या काही कार्यकर्त्यांना अवघडल्यासारखे होते. धम्मदीक्षेनंतर ते साहजिकही आहे. पण इथेही रामजीबाबांचे मोठेपण बघण्यासारखे आहे. भीमरावाने एकदा बापाला सरळ विचारले, की जे ग्रंथ ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा गातात आणि शूद्र-अस्पृश्यांना हलके लेखतात ते आम्ही का वाचायचे? लक्षात घ्या, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा काळ, बाप लष्करातला कडक सुभेदार. पण त्यांनी पोराच्या थोबाडीत दिली नाही. त्यांनी उत्तर दिले. आपण अस्पृश्य म्हणून आपल्या मनात न्यूनगंड येण्याचा संभव आहे, तो काढून टाकण्यासाठी हे वाचायचे, द्रोण, कर्ण हे लहान स्थितीतून कुठल्या कुठे चढले ते बघायचे, वाल्मीकी कोळी असून रामायणकर्ता झाला ते बघायचे, असा त्यांच्या सांगण्याचा अर्थ होता. भीमरावाचे समाधान झाले नाही. आणि समाधान झाले नाही हेही बापाने ऐकून घेतले. वाचणारे घर म्हणजे नुसते पुस्तक असलेले घर नव्हे. जिथे वाचलेल्यावर पोराला प्रश्न विचारता येतो, ते वाचणारे घर. पुस्तकाशी भांडायला शिकला म्हणूनच तो पोरगा पुढे मनुस्मृतीपर्यंत गेला.

या घराच्या बाहेर काय होते तेही सांगितले पाहिजे. 7 नोव्हेंबर 1900 रोजी भीमरावाचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. आज महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. त्या शाळेत भीमराव वर्गाच्या कोपऱ्यात एकटा बसायचा, घरून आणलेल्या तरटाच्या तुकड्यावर. त्या तरटाला शाळेचा गडी हात लावत नसे, म्हणून संध्याकाळी ते काखोटीला मारून घरी न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आणायचे. शिपाई असला तर पाणी, नसला तर तहान. शाळा म्हणजे ज्ञानमंदिर, असे आपण म्हणतो. या पोरासाठी शाळा म्हणजे रोजचा अपमान होता. तरी त्याने पुस्तक सोडले नाही, कारण पुस्तकाची गोडी त्याला शाळेने लावलेलीच नव्हती. ती घरी लागली होती, शाळेला ती काढून घेता आली नाही.

1901 सालचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. रामजीबाबा तेव्हा खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी कामावर रोखपाल होते. पोरांना त्यांनी सुटीत बोलावले. केव्हा निघता ते कळवा, म्हणजे स्टेशनवर माणूस पाठवतो, असे कळवले. पोरांनी पत्र टाकले, नवे कपडे, जरीच्या टोप्या घालून मसूर स्टेशनावर उतरली. घ्यायला कोणी नाही. जात कळल्यावर स्टेशनमास्तर मागे सरला, गाडीवाल्याने दुप्पट भाडे घेऊनही गाडी पोरांनाच हाकायला लावली, आणि रात्रभर पाण्याचा थेंब मिळाला नाही. अस्पृश्यतेचा चटका म्हणून आपण हा प्रसंग सांगतो. आमचे लक्ष त्यातल्या पत्रावर जाते. दहा वर्षांचे भीमराव आणि त्यांचे भाऊ बापाला प्रवासाचा तपशील पत्राने कळवत होते. पत्र वेळेवर पोचलेही होते. ते नोकराने रामजीबाबांच्या हाती दिले नाही म्हणून घोटाळा झाला. दूर राहणाऱ्या बापाशी ज्या घरातली पोरं लिहून बोलतात, त्या घरात अक्षर हे परीक्षेपुरते नसते. ते मीठमिरचीसारखे रोजच्या वापरातले असते.

पुढे रामजीबाबा मुंबईस आले. परळला डबक चाळीत एक खोली घेतली. आम्ही गिरणी कामगार. आमच्या बापाचा जन्म गिरणीत गेला, आम्हीही बदलीवाला म्हणून साच्यावर उभे राहिलो आणि गिरणी बंद झाल्यावर उपनगरात आलो. त्यामुळे परळची एक खोली म्हणजे काय हे आम्हाला पुस्तकात वाचावे लागत नाही. चूल तिथेच, मोरी तिथेच, सरपण माथ्यावरच्या फळीवर, सगळीकडे धूर. त्याच खोलीत भीमरावाची अभ्यासिका. रामजीबाबांनी जागेला तोड काढली ती वेळेची. पोराला लवकर झोपवायचे. स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहायचे. दोन वाजता त्याला उठवायचे, मिणमिणता दिवा त्याच्यापुढे ठेवायचा आणि मग आपण अंग टाकायचे. उशाला जाते आणि पलीकडे शेळी. इंग्रजी पक्के व्हावे म्हणून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी पोराकडून घोटून घेतली. ज्यांनी गिरणीत रात्रपाळी केली आहे त्यांना विचारा, दोन वाजेपर्यंत डोळा उघडा ठेवणे काय असते. तेही म्हातारपणी.

पुस्तकांचे त्या पोराला वेड होते आणि पेन्शन तुटपुंजी. पोराने पुस्तक मागितले की रामजीबाबा टोपी घालून निघत आणि मुंबईत दिलेल्या लेकींच्या घरी जात. आधी एकीकडे पैसे आहेत का बघायचे, नसले तर दुसरीकडे. तिच्याकडेही रोकड नसली तर तिचा एखादा दागिना घ्यायचा, सावकाराकडे गहाण टाकायचा आणि पुस्तक घेऊन घरी यायचे. पेन्शन आली की दागिना सोडवून लेकीला परत. पुढच्या पुस्तकाला पुन्हा तोच फेरा. बाबासाहेबांनी हे पुढे भरल्या मनाने सांगितले. बाबासाहेबांच्या ग्रंथसंग्रहात, राजगृहाच्या प्रत्येक कपाटात, त्या दोन बहिणींचे सोने आहे हे आपण ध्यानात ठेवावे. आनंदरावांचेही शिक्षण थांबले आणि ते नोकरीला लागले, भीमरावाचे चालू राहावे म्हणून. एका घरातला एक जण शिकला तेव्हा त्याच्या मागे असे सगळे घर उभे होते.

भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची त्यांच्यावर नजर पडली. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले. 750 पैकी 282 गुण. आजच्या टक्केवारीच्या बाजारात हे गुण कोणी विचारणार नाही, पण त्या काळी अस्पृश्याच्या पोराने मॅट्रिक होणे ही नवलाची गोष्ट होती. त्यांच्या परीक्षेतल्या यशाबद्दल सत्काराची सभा भरवायची म्हटल्यावर रामजीबाबांनी नकार दिला होता. पोराच्या डोक्यात हवा जाईल अशी त्यांना भीती. अखेर केळुसकर गुरुजींच्या शब्दाला त्यांनी मान दिला. सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सभा झाली आणि केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भीमरावाला भेट दिले. ते वाचून भीमरावाने बापाला विचारले की हे वाङ्मय तुम्ही आम्हाला आधी का दाखवले नाही? विहारात बसून हे लिहिताना आम्हाला वाटते, 14 ऑक्टोबर 1956 ची एक वाट या भेटीपासून निघते. पण भेट देणारे अनेक असतात. मिळालेले पुस्तक रात्रीत वाचून काढणारा पोरगा तयार हवा, आणि तो तयार केला होता रामजीबाबांनी.

बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांच्या मदतीने भीमराव बी. ए. झाले आणि 1913 च्या जानेवारीत बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. येताना बापासाठी मिठाई घ्यावी म्हणून ते सुरत स्टेशनला उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी मुंबईला पोचले तेव्हा रामजीबाबांचा प्राण जणू लेकासाठीच अडला होता. त्यांनी लेकाच्या पाठीवरून हात फिरवला आणि डोळे मिटले. तारीख 2 फेब्रुवारी 1913. त्याच वर्षी जुलैत भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. ते पाहायला बाप नव्हता.

मित्रहो, चरित्र इथे संपते, पण आमचा मूळ मुद्दा इथून सुरू होतो. रामजीबाबांची थोरवी गाऊन आपण जर आजच्या आईबापांना म्हणू लागलो, की बघा, असा बाप पाहिजे, तुम्ही काय करता, तर तो अन्याय होईल. घाटकोपरच्या डोंगरावर, भांडुपच्या, मुलुंडच्या वस्तीत राहणारी आई पहाटे चारला नळावर असते, मग चार घरची धुणीभांडी. बाप बारा बारा तास सिक्युरिटीच्या ड्युटीवर, वर लोकलचा धक्का वेगळा. त्यांना पोराच्या शेजारी बसायला सवड कुठली? आणि ज्यांना स्वतःला वाचता येत नाही त्यांनी वाचून काय दाखवायचे? म्हणून प्रश्न असा विचारला पाहिजे की रामजीबाबांना रामजीबाबा कोणी केले? ते काही आकाशातून पडले नाहीत. त्यांच्या मागे सक्तीची शाळा होती, मास्तर तयार करणारी शाळा होती, पगार होता, पेन्शन होती. एका पिढीला व्यवस्थेने अक्षर दिले म्हणून दुसऱ्या पिढीला घर मिळाले, आणि घर मिळाले म्हणून तिसऱ्या पिढीत जग हलवणारा माणूस निघाला. घरची परिस्थिती ही कपाळावर लिहिलेली नसते. ती घडवली जाते, आणि 1892 साली झाली तशी मोडलीही जाते.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. राज्यघटनेच्या 45 व्या कलमात चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण दहा वर्षांत देण्याचे राज्यावर सोपवले होते. दहा वर्षांचे काम साठ वर्षे रखडले. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. पण हा हक्क सहाव्या वर्षी सुरू होतो. सहाच्या आतल्या पोरांसाठी 45 वे कलम आता एवढेच म्हणते की राज्याने प्रयत्न करावा. अंगणवाडीची योजना 2 ऑक्टोबर 1975 पासून आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत, कोसबाडच्या टेकडीवर गरिबाच्या अंगणात जाऊन बालवाडी भरवली, त्या कामाचा वारसा तिच्यामागे आहे. पण अंगणवाडीच्या एका ताईच्या माथ्यावर खिचडी, वजन, लसीकरण, सगळी कागदपत्रे टाकल्यावर गोष्ट सांगायला तिला वेळ कधी मिळणार? म्हणजे ज्या वयात वाचनाचा पाया पडतो, नेमके ते वय कायद्याने घरावर सोडले आहे. ज्याचे घर बळकट त्याचे पोर पुढे जाते, बाकीच्यांची पोरं मागे पडतात. हा लढा आपण हाती घेतला पाहिजे. अंगणवाडीत पुस्तकं मागणे, तिथली दुसरी ताई मागणे, हे पाणी आणि वीज मागण्याइतकेच निकडीचे आहे.

आणि तोवर? तोवर विहार आहे. एका घरात रामजीबाबा नसतील, पण पन्नास घरे मिळून एक रामजीबाबा उभे करू शकतात. आमची सूचना साधी आहे. रोज सायंकाळच्या बुद्धवंदनेनंतर लहान पोरांना तिथेच बसवावे. सातवी-आठवीच्या पोरीने किंवा पोराने त्यांना एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवावी. जातककथा आहेत, बाबासाहेबांच्या बालपणाच्या गोष्टी आहेत, वर्तमानपत्राची मुलांची पाने आहेत. वाचणाऱ्याचा सराव होईल, ऐकणाऱ्याचा कान तयार होईल. पोरांनी प्रश्न विचारले तर त्यांना गप्प करू नये. ज्या आईला वाचता येत नाही तिने कमीपणा मानू नये. जात्यावरच्या ओव्या, भीमगीते, आजीच्या गावाकडच्या गोष्टी, कोडी, हे सगळे वाचनाचेच पहिले पाऊल आहे. पोराला मांडीवर घेऊन चित्रं दाखवायला आणि हे काय, ते काय विचारायला अक्षर लागत नाही. आता मोबाईलने पोरांची तोंडं बंद केली आहेत. रात्री आठला घरातले सगळे मोबाईल पंधरा मिनिटं बाजूला ठेवता आले तर तेवढ्यात एक गोष्ट होते. लग्नात, बारशात, वाढदिवसाला लहान मुलांची पुस्तके द्यावीत. विहाराच्या कपाटाला कुलूप असू नये. पुस्तक फाटले तर चालेल, कोरे राहिले तर चालणार नाही.

2 फेब्रुवारीला रामजीबाबांचा स्मृतिदिन येतो. आपण जयंत्या खूप करतो, मिरवणुकाही काढतो. हा एक दिवस मिरवणुकीशिवाय पाळावा, असे आम्हाला मनापासून वाटते. त्या दिवशी रात्री आठ वाजता वस्तीतल्या प्रत्येक घरात पोराने मोठ्याने वाचावे आणि मोठ्यांनी ऐकावे, एवढेच.

जय भीम! नमो बुद्धाय!